कलम ९१

११ जून १८८१ रोजी प्रागमध्ये व्ल्तावा नदीच्या काठावर झेक लोकांचं राष्ट्रीय नाट्यगृह पहिल्यांदा उघडलं. गावोगावच्या माणसांनी पदरमोड करून उभं केलेलं हे घर. व्हिएन्नाहून युवराज रुडॉल्फ आला होता. पहिला मान मिळाला संगीतकार स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराला. दोनच महिन्यांत नाट्यगृहाला आग लागली, लोकांनी पुन्हा वर्गणी काढली आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये ते परत उघडलं, तेही ‘लिबुशे’नंच. झेक राष्ट्राच्या पायाशी एक स्त्री आहे, हे सगळ्या जगाला दाखवायचं होतं.

लिबुशेची मूळ गोष्ट मात्र तितकीशी सरळ नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रागच्या कोस्मास नावाच्या धर्मगुरूनं लॅटिनमध्ये झेकांची बखर लिहिली, तिच्यात ती येते. लिबुशे ही क्रोकची धाकटी मुलगी, शहाणी आणि भविष्य जाणणारी. लोक तिच्याकडे न्याय मागायला येत. एकदा दोन शेजारी बांधावरचं भांडण घेऊन आले. निकाल ज्याच्या विरुद्ध गेला तो चवताळला. सगळ्या जगात पुरुष राज्य करतात आणि आमच्याच नशिबी बाई का, असं तो भर सभेत ओरडला. लिबुशेनं सभेला इशारा दिला की कबुतरांनी घारीला राजा केलं तर पुढे काय होतं ते समजून घ्या. सभेनं ऐकलं नाही. मग तिनं माणसं पाठवून स्तादित्से गावी नांगर धरलेल्या प्शेमिस्लला बोलावणं धाडलं, त्याच्याशी लग्न केलं आणि झेकांचं पहिलं राजघराणं सुरू झालं. पुढे कोस्मास सांगतो की त्या काळी मुली पुरुषांसारख्या शिकारीला जात, हत्यारं बाळगत. त्यांनी द्येवीन नावाचा स्वतःचा गडही बांधला होता. पुरुषांनी मेजवानीच्या निमित्तानं त्यांना फसवून पळवलं, आणि लिबुशेच्या मृत्यूनंतर बायका पुरुषांच्या सत्तेखाली आल्या त्या कायमच्या. दोनशे वर्षांनी रचलेल्या दालिमिलच्या पद्यबखरीत याच गोष्टीचं रक्तबंबाळ युद्ध झालं आणि व्लास्ता त्या युद्धाची नायिका ठरली.

एकोणिसाव्या शतकातल्या झेक देशभक्तांना या गोष्टीतली राणी हवी होती. गोष्टीचा शेवट त्यांना वेगळा मागावा लागत नव्हता. तो कायद्यात होताच. बोहेमिया हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा भाग होता आणि तिथे १८११चा दिवाणी कायदा चाले. त्याच्या ९१व्या कलमानुसार नवरा हा कुटुंबाचा प्रमुख. पुढच्या कलमानुसार बायकोनं त्याचं नाव लावायचं, तो राहील तिथे राहायचं आणि घरातल्या त्याच्या आज्ञा पाळायच्या. कॅथॉलिक लग्न तर मरेपर्यंत मोडता येत नसे. ही दोन-तीन वाक्यं लक्षात ठेवली, तर पुढची शंभर वर्षं नीट कळतात.

लेखिका बोझेना न्येम्त्सोवा यांना ही वाक्यं अंगावर सोसावी लागली. १८३७ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांचं लग्न पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या योसेफ न्येमेत्स या सरकारी नोकराशी लावून दिलं गेलं. नवरा कडवा देशभक्त. त्यापायी त्याच्या सतत बदल्या होत, पुढे हंगेरीत रवानगी झाली. बाई मुलांना घेऊन प्रागमध्ये राहिल्या, लिहीत राहिल्या. थोरला मुलगा गेला, आणि त्या दुःखातून १८५५ मध्ये ‘बाबिच्का’, म्हणजे आजी, ही कादंबरी आली. झेक घरात आजही हे पुस्तक सापडतं. खेड्यातल्या आजीचं इतकं मायेचं चित्र काढणाऱ्या लेखिकेच्या घरात कोळशाला आणि भाकरीला पैसे नसत, शिवाय पोलिसांची पाळत असे. नोव्हेंबर १८६१ मध्ये त्यांनी वोयता नाप्रस्तेक या मित्राला पत्र लिहायला घेतलं. नवऱ्याची मारहाण, अपमान, उपास असं सगळं त्यात आहे. एकदा लिहून समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. त्याचे कच्चे खर्डे उरले आहेत. दोन महिन्यांनी, २१ जानेवारी १८६२ रोजी, त्या गेल्या. वय एकेचाळीस. अंत्ययात्रेला देशभक्त प्राग लोटलं आणि विशेरादच्या दफनभूमीत त्यांना मानानं निरोप दिला. या मानातला थोडासा भाग त्यांना जिवंतपणी भाकरीच्या रूपात मिळाला असता तर, हा विचार त्यांचं चरित्र वाचताना डोक्यातून जात नाही. आज झेक ५०० कोरुनांच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे.

तेव्हाच्या झेक समाजात बाईला मोठा मान होता, पण तो एका कामासाठी होता. शहरात, कचेरीत, शाळेत जर्मन भाषेचं राज्य. झेक भाषा टिकायची तर ती आईच्या तोंडून मुलांपर्यंत पोचायला हवी. त्यामुळे देशभक्त मुलींनी झेक वाचावं, झेक गावं, झेक स्वयंपाक करावा असं सगळ्यांनाच वाटे. माग्दालेना दोब्रोमिला रेतिगोवा यांचं १८२६चं पाकपुस्तक याच उमेदीतून आलं आणि पिढ्यान्पिढ्या चाललं. भाषेसाठी उघडलेल्या या फटीतून बायका बऱ्याच पुढे गेल्या. त्यांना आत घेणाऱ्या पुरुषांना त्या इतक्या पुढे जातील असं वाटलं नसावं.

नाप्रस्तेकना मात्र वाटलं होतं. १८४८च्या उठावानंतर ते अमेरिकेत पळाले, मिलवॉकीत पुस्तकांचं दुकान चालवलं आणि दहा वर्षांनी प्रागला परतले. त्यांच्या आई आना यांचा दारू गाळण्याचा मोठा धंदा होता. बेथलेहेम चौकातलं ‘उ हालान्कू’ हे घर त्यांचंच. १८६२च्या लंडन प्रदर्शनातून नाप्रस्तेक शिवणयंत्रं आणि घरकामाची यंत्रं घेऊन आले आणि ती या घरात मांडली. त्यांचा हिशेब साधा होता: घरकामाचा भार उतरला की बाईच्या हाती वेळ येईल, आणि वेळ आला की ती वाचेल. १८६५ मध्ये याच घरात ‘अमेरिकन लेडीज क्लब’ सुरू झाला. व्याख्यानं होत, ग्रंथालय खुलं असे, कारखाने आणि संग्रहालयं पाहायला सहली निघत. खगोलशास्त्रापासून आरोग्यापर्यंत कोणताही विषय वर्ज्य नव्हता. लोक नाप्रस्तेकना ‘बायकांचा वकील’ म्हणत. काही हेटाळणीनं म्हणत असतील. त्यांनी ते नाव आनंदानं मिरवलं.

क्लबची रीतसर नोंदणी झालेली नव्हती आणि ते एका अर्थी बरंच होतं. १८६७ साली साम्राज्यानं संघटनांचा कायदा केला. राजकीय संस्थेचं सभासद होण्याला तीन प्रकारच्या माणसांना त्यात बंदी होती: परके नागरिक, अज्ञान मुलं आणि स्त्रिया. त्यामुळे बोहेमियातल्या बायकांनी पुढची पन्नास वर्षं जे राजकारण केलं ते शाळेच्या, वाचनालयाच्या, शिवणवर्गाच्या, समितीच्या नावानं केलं. कारोलिना स्व्येत्ला या लेखिकेनं १८७१ मध्ये गरीब मुलींना कमावण्यापुरतं शिकवणारी ‘स्त्री-उत्पादक मंडळी’ काढली. शिवण, हिशेब, चित्रकला असे वर्ग चालत. १८७४ मध्ये परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं.

स्व्येत्ला यांच्या हाताखाली तयार झालेल्या एलिश्का क्रास्नोहोर्स्का यांच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. संधिवातानं तरुणपणीच त्यांचे सांधे धरले. आयुष्यभर वेदना सोबतीला होत्या. लग्न केलं नाही. स्मेतानाला त्यांनी ‘हुबिच्का’, ‘तायेम्स्त्वी’ आणि ‘चेर्तोवा स्त्येना’ या तीन ऑपेरांची संहिता लिहून दिली. स्मेताना तेव्हा ठार बहिरा झाला होता. त्यानं स्वरबद्ध केलेले शब्द या बाईंचे. १८७५ पासून त्या ‘झेन्स्के लिस्ती’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक होत्या. मुलींना विद्यापीठाचं दार का बंद, हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षं लावून धरला. ते दार बंद ठेवायला कुठल्याही कायद्यात ‘मुलींना मनाई’ असं लिहायची गरज नव्हती. विद्यापीठात जायचं तर ‘मातुरिता’ ही शालान्त परीक्षा हवी, तिच्यासाठी लॅटिन आणि ग्रीक हवं, आणि ते शिकवणाऱ्या जिम्नाझियम शाळा फक्त मुलांच्या. १८७८ पासून मुलींना बाहेरून परीक्षेला बसता येई. पण त्यांच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठासाठी लायक असल्याचा शेरा लिहायचा नाही, असा नियम होता. एवढा एक शेरा गाळून पिढ्या अडवता आल्या.

१८९० मध्ये क्रास्नोहोर्स्का यांनी व्हिएन्नाच्या संसदेकडे अर्ज पाठवला. त्याखाली ४,८१० सह्या होत्या. अर्जातला एक मुद्दा सरळ काळजाला भिडणारा होता: किती बायका परपुरुष डॉक्टरला दुखणं दाखवायच्या संकोचानं अंगावर काढतात, त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर हव्यात. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. ‘मिनेर्वा’ नावाची संस्था काढली, देणग्या गोळा केल्या, खासगी शाळेची परवानगी मिळवली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला वोय्तेश्स्का रस्त्यावरच्या शाळेच्या इमारतीत मुलींचं जिम्नाझियम सुरू झालं. सबंध ऑस्ट्रिया-हंगेरीत असं हे पहिलंच. राजधानी व्हिएन्नाच्या आधी ते प्रागमध्ये झालं, याचा झेक वर्तमानपत्रांना अभिमान वाटला. या अभिमानाचाही शाळेला उपयोग झाला. इथे मला या चळवळीची नस सापडते. मुलींच्या शाळेला विरोध करणाऱ्याला क्रास्नोहोर्स्का विचारू शकत होत्या की झेक राष्ट्र जर्मनांच्या मागे राहावं असं तुमचं म्हणणं आहे का. याला कुणा देशभक्ताकडे सोपं उत्तर नव्हतं.

१८९५ मध्ये मिनेर्वाच्या पहिल्या मुली परीक्षेला बसल्या, त्याही मुलांच्या शाळेत, परक्या परीक्षकांसमोर. त्यांच्यात आना होंझाकोवा होत्या. विद्यापीठात आधी नुसतं वर्गात बसून ऐकायची मुभा मिळाली. तत्त्वज्ञान शाखा १८९७ मध्ये उघडली, वैद्यकशाखा १९०० मध्ये. १७ मार्च १९०२ रोजी होंझाकोवा प्रागच्या झेक विद्यापीठातून डॉक्टर झालेली पहिली स्त्री ठरल्या. पुढे स्वातंत्र्यलढ्याचं नेतृत्व करणाऱ्या तोमाश मासारिक यांची मुलगी आलित्से याच शाळेची, आणि पुढे मिलेना येसेन्स्काही. जग मिलेनाला काफ्काच्या पत्रांमुळे ओळखतं. त्या स्वतः निर्भीड पत्रकार होत्या आणि नाझींविरुद्धच्या कामापायी १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावल्या, हे आधी सांगायला हवं.

होंझाकोवांच्या आधीही दोन झेक स्त्रिया डॉक्टर झाल्या होत्या, पण देशाबाहेर. बोहुस्लावा केत्स्कोवा यांनी १८८० मध्ये झुरिकला पदवी घेतली, आना बायेरोवा यांनी १८८१ मध्ये बर्नला. ऑस्ट्रियानं या पदव्या मानल्या नाहीत. केत्स्कोवांनी प्रागमध्ये सुईण म्हणून काम केलं. आणि मग १८९०च्या दशकात साम्राज्याला बोस्नियाची अडचण आली. नव्यानं ताब्यात आलेल्या त्या मुलखात मुसलमान बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत. सरकारनं केत्स्कोवांना मोस्तारमध्ये आणि बायेरोवांना तुझ्लामध्ये सरकारी डॉक्टर नेमलं. प्रागमध्ये ज्या पदवीला किंमत नव्हती, ती बोस्नियात चालली. बायकांच्या हक्कांचं दार गरजेच्या किल्लीनं उघडतं, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

मताचा हक्कही असाच आडवाटेनं आला. बोहेमियाच्या प्रांतिक विधानसभेचा निवडणूक कायदा १८६१चा. तो कर भरणाऱ्यांना मत देत होता आणि बायकांना त्यात स्पष्ट मनाई नव्हती. घरदार किंवा धंदा नावावर असलेल्या थोड्या स्त्रिया मत देऊ शकत; राजधानी प्रागचे नियम वेगळे असल्यानं तिथल्या बायकांना मात्र ते नव्हतं. व्हिएन्नाच्या संसदेसाठी १९०७ मध्ये सगळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला. पुरोगामी लोकांनी तो साजरा केला. त्याच कायद्यानं मोठ्या जमीनदार स्त्रियांकडे असलेलं मत गेलं, हे फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

फ्रांतिश्का प्लामिन्कोवा त्या थोड्यांपैकी. चांभाराची मुलगी आणि पेशानं शिक्षिका. बोहेमियात शिक्षिकेनं लग्न केलं की तिनं नोकरी सोडली असं धरलं जाई. पुरुष शिक्षकाला हा नियम नव्हता. या अन्यायातून त्या चळवळीत आल्या. १९०३ मध्ये त्यांनी ‘झेक स्त्रियांचा क्लब’ काढला, १९०५ मध्ये मताधिकार समिती. समितीच, कारण संस्था म्हटलं की १८६७चा कायदा आडवा आला असता. त्यांनी तो जुना १८६१चा कायदा बारकाईनं वाचला. मत द्यायला बंदी नाही, तशी उभं राहायलाही नाही. मग पक्षांच्या मागे लागून त्यांनी स्त्री उमेदवार उभ्या करायला सुरुवात केली. १९०८ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षानं कार्ला माखोवा यांना उभं केलं, समितीनं मारिये तूमोवा यांना. दोघी पडल्या. समितीनं प्रयत्न सोडले नाहीत.

१३ जून १९१२ रोजी म्लादा बोलेस्लाव आणि निम्बुर्क या गावांच्या मतदारसंघातली पोटनिवडणूक बोझेना विकोवा-कुन्येतित्स्का यांनी जिंकली. कादंबरीकार, नाटककार, यंग चेक पक्षाच्या उमेदवार. त्यांना मत देणारे बहुतेक पुरुषच होते: छोट्या गावांतले दुकानदार, कारागीर, नोकरदार. बातमी युरोपभर गेली. महत्त्वाची गोष्ट अशी की कुन्येतित्स्का स्वतः मताधिकारवाद्यांच्या लाडक्या नव्हत्या. बाईनं पुरुषाची नक्कल करू नये, आईपण हेच तिचं बळ, असं त्या लिहीत. त्यांची पहिली निष्ठा झेक राष्ट्राशी होती. म्हणूनच त्या निवडून आल्या, असं मला वाटतं. मतदारांनी एका बाईला मत दिलं आणि त्याच हातानं व्हिएन्नाच्या थोबाडीत मारली. राज्यपाल थुन यांनी त्यांना निवडीचं प्रमाणपत्र द्यायचं नाकारलं. जर्मन सदस्यांच्या अडवणुकीनं विधानसभा तशीही ठप्प होती. जुलै १९१३ मध्ये सम्राटानं ती बरखास्तच केली. कुन्येतित्स्का त्या सभागृहात एक दिवसही बसल्या नाहीत.

पहिल्या महायुद्धात साम्राज्य मोडलं आणि पुढची घडामोड वेगानं झाली. तोमाश मासारिक यांनी १८७८ मध्ये ब्रुकलिनच्या शार्लोट गॅरिग यांच्याशी लग्न केलं तेव्हा बायकोचं आडनाव आपल्या नावात कायमचं घेतलं होतं. स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं जॉन स्टुअर्ट मिलचं पुस्तक या दोघांनी लग्नाआधी एकत्र वाचलं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये मासारिकनी वॉशिंग्टनहून चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात स्त्रिया राजकारणात, समाजात आणि संस्कृतीत पुरुषांच्या बरोबरीच्या असतील असं लिहिलं. जून १९१९च्या नगरपालिका निवडणुकीत बायकांनी मतं दिली. शिक्षिकांवरची लग्नबंदी त्याच वर्षी उठली, घटस्फोटही शक्य झाला. २९ फेब्रुवारी १९२०च्या राज्यघटनेच्या १०६व्या कलमानं लिंगावर आधारलेला विशेषाधिकार नाकारला. कुन्येतित्स्का संसदेत पोचल्या, १९२५ मध्ये प्लामिन्कोवा सिनेटमध्ये.

आणि कलम ९१? ते जिथल्या तिथे होतं. प्रजासत्ताकानं जन्माच्या दिवशी, २८ ऑक्टोबर १९१८ला, जो पहिला कायदा केला त्यानुसार जुने सगळे कायदे तूर्त चालू राहणार होते. गोंधळ टाळायला ते आवश्यकही होतं. पण ‘तूर्त’ तीस वर्षं चाललं. संसदेत मत देणारी सिनेटर घरी कायद्यानं नवऱ्याच्या आज्ञेत. राज्यघटनेनं ९१वं कलम आपोआप रद्द झालं, असा चळवळीतल्या स्त्रियांचा युक्तिवाद होता. न्यायालयं मात्र जुन्या कायद्यानंच चालली. प्लामिन्कोवांनी १९२३ मध्ये ‘स्त्री राष्ट्रीय परिषद’ स्थापन केली तिचं मोठं काम हेच होतं. तिथे त्यांच्या हाताशी एक तरुण वकील आली, मिलादा होराकोवा. १९०१चा जन्म, १९२६ मध्ये प्रागला कायद्याची डॉक्टरेट, नोकरी महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात. गरिबांच्या घरात शिरून कुटुंबकायदा रोज पाहणारी ही बाई कुटुंबकायद्याच्या सुधारणेचे मसुदे लिहू लागली. दिवाणी कायद्याचा सरकारी मसुदा १९३७ मध्ये संसदेपुढे आलाही. मग म्युनिकचा करार झाला, देश मोडला, आणि डिसेंबर १९३८ मध्ये उरलेल्या देशाच्या सरकारनं विवाहित स्त्रियांना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा हुकूम काढला. हिटलर प्रागमध्ये यायला अजून तीन महिने होते. हा हुकूम झेकांनीच काढला. राष्ट्राला गरज होती म्हणून आत घेतलेल्या बायका, राष्ट्र अडचणीत येताच सगळ्यांत आधी बाहेर गेल्या.

प्रागमधला नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्या हत्येनंतरच्या सूडसत्रात, ३० जून १९४२ रोजी, प्रागच्या कोबिलिसी मैदानावर जर्मनांनी प्लामिन्कोवांना गोळ्या घातल्या. होराकोवांना गेस्टापोनं १९४० मध्ये पकडलं होतं. तेरेझीन, मग ड्रेस्डेनमध्ये खटला, मग बव्हेरियातला तुरुंग. १९४५ मध्ये सुटून त्या परतल्या, संसदेत गेल्या, स्त्रियांच्या नव्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि कुटुंबकायद्याचं काम पुन्हा हाती घेतलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. होराकोवांना परिषदेतून काढलं गेलं. मार्चमध्ये त्यांनी खासदारकी सोडली. देश सोडला नाही. २७ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांना अटक झाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेनं नवा कुटुंबकायदा मंजूर केला. १ जानेवारी १९५० पासून तो लागू झाला. नवरा-बायको बरोबरीचे, मुलांवर दोघांचा सारखा हक्क. कुटुंबप्रमुख वगैरे काही उरलं नाही. १८११चं कलम ९१ संपलं. त्यासाठी वीस वर्षांहून अधिक झटलेली वकील तेव्हा कोठडीत चौकशी सोसत होती. ३१ मे १९५० रोजी खटला सुरू झाला. पढवलेली उत्तरं देणं होराकोवांनी पुष्कळदा नाकारलं. सरकारी पक्षात लुद्मिला ब्रोझोवा ही अठ्ठावीस वर्षांची स्त्री होती. बायकांना पुरुषांच्या जागी बसवण्याचं वचन या राजवटीनं अशा रीतीनंही पाळलं. कारखान्या-कचेऱ्यांतून फाशीची मागणी करणारे हजारो ठराव आले. आइन्स्टाइन, चर्चिल, एलिनॉर रूझवेल्ट यांनी दयेची विनंती केली, ती फेटाळली गेली. २७ जूनला पहाटे पांक्रात्सच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. मुलगी सोळा वर्षांची होती.

पुढच्या चाळीस वर्षांत झेक बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत, दवाखान्यांत, प्रयोगशाळांत गेल्या आणि संध्याकाळी घरी येऊन रांगा, स्वयंपाक, धुणं हेही त्यांनीच केलं. त्याविरुद्ध बोलायला क्रास्नोहोर्स्का आणि प्लामिन्कोवा यांच्यासारखी स्वतःची संघटना, स्वतःचं मासिक त्यांच्याकडे नव्हतं. जे होतं ते पक्षाचं. होराकोवांवरचा निकाल १९६८ मध्ये रद्द झाला, पूर्ण न्याय १९९० मध्ये मिळाला. ब्रोझोवा यांना या खटल्यातल्या सहभागाबद्दल २००८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती माफ केली.